लेजेंडरी ब्लूज बँड

लेजेंडरी ब्लूज बँड : शिकागो शहरातील ब्लूज (अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा संगीतप्रकार) वादकवृंद. स्थापना १९८०. गायक व गिटारवादक मडी वॉटर्स यांना अनेक वर्षे साथ केलेल्या वादकांनी त्यांच्यापासून वेगळे होऊन तो उभारला. पियानोवर पाइनटॉप पर्किन्स, ड्रमवर विली ‘बिग आइज’ स्मिथ, बास गिटारवर कॅल्विन ‘फझ’ जोन्स आणि माउथ ऑर्गनवर जेरी पोर्टनॉय, असा मूळ संच होता. गिटारसाठी लुई मायर्स हे जुने शिकागोकर वादक सोबत आले. ब्लूजचा इतिहास बहुधा गायकांच्या नावाने सांगितला जातो. साथीदाराची कारकीर्द कशी असते, हे पाहायचे तर या संचाइतके चांगले उदाहरण नाही.

पोर्टनॉय सोडले, तर वरील सगळे अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेले. पर्किन्स यांचा जन्म १९१३ साली मिसिसिपी राज्यातील बेलझोनी येथे झाला, जोन्स त्याच राज्यातल्या ग्रीनवुडचे (जन्म १९२६), तर स्मिथ मिसिसिपी नदीपलीकडच्या आर्कान्सा राज्यातील हेलेना गावचे (जन्म १९३६). कापसाच्या मळ्यांतील मजुरी आणि वर्णभेद यांना कंटाळून लाखो कृष्णवर्णीय उत्तरेकडील कारखानी शहरांत गेले. त्यांच्याबरोबर ब्लूजही शिकागोला पोहोचला आणि तिथल्या गोंगाटात ऐकू यावा म्हणून विजेवर वाजू लागला. पोर्टनॉय मात्र जन्माने शिकागोचेच (१९४३). त्यांच्या वडिलांचे गालिच्यांचे दुकान मॅक्सवेल स्ट्रीटवर होते. दर रविवारी तिथे जुना बाजार भरे आणि फुटपाथवर वादक जमत. मुलाला शिकवणी दारातच मिळाली, म्हणायला हरकत नाही.

पर्किन्स मुळात गिटारवादक होते. १९४० च्या दशकात हेलेना येथे एका चाकूहल्ल्यात त्यांच्या डाव्या हाताच्या कंडरा तुटल्या, गिटार सुटली आणि पियानोच तेवढा उरला. तिथल्या केएफएफए नभोवाणी केंद्रावर १९४१ पासून पिठाच्या एका ब्रँडच्या जाहिरातीसाठी रोज दुपारी ब्लूजचा कार्यक्रम होत असे. त्यात ते माउथ ऑर्गनवादक सनी बॉय विल्यमसन यांच्याबरोबर वाजवत. क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर त्यांनी ट्रॅक्टरही चालवला. ‘पाइनटॉप’ हे नाव त्यांचे स्वतःचे नव्हे. १९२८ साली ध्वनिमुद्रित होऊन पुढे गाजलेल्या एका पियानो-रचनेच्या कर्त्याचे ते टोपणनाव. पर्किन्स यांनी ती रचना १९५३ मध्ये मेम्फिस येथे पुन्हा ध्वनिमुद्रित केली आणि नाव त्यांनाच चिकटले.

१९६९ मध्ये पियानोवादक ऑटिस स्पॅन यांच्या जागी ते मडी वॉटर्स यांच्या संचात आले, तेव्हा त्यांचे वय ५६ होते. बहुतेक नोकऱ्यांत या वयात माणूस निवृत्तीचा हिशेब मांडू लागतो.

स्मिथ १९५३ मध्ये, सतराव्या वर्षी शिकागोला आले. सुरुवात माउथ ऑर्गनने झाली, पण १९५० च्या दशकाच्या अखेरीस ड्रमवादकांना काम अधिक मिळते असे दिसताच त्यांनी वाद्य बदलले. पुढे मडी वॉटर्स यांच्याकडे वर्णी लागली, तरी पैसे पुरेनात. १९६० च्या दशकाच्या मध्यात काही वर्षे त्यांनी वादन सोडून टॅक्सी चालवली. १९६८ मध्ये ते परतले आणि १९८० पर्यंत टिकले.

या वादनाची खुबी बाहेरच्याला चटकन कळत नाही. स्मिथ यांचा हातखंडा ‘शफल’मध्ये होता. आपल्या तिस्र जातीच्या अंगाने समजून घ्यायचे तर मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला मोकळा सोडायचा. ऐकायला सोपे, पण रात्रभर न डगमगता वाजवणे अवघड. त्यात मडी वॉटर्स शब्द तालाच्या किंचित मागे टाकत आणि बारा बारचा (चार-चार मात्रांच्या बारा गटांचा) साचा मनाला येईल तसा लांबवत. साथीदाराने मोजत बसायचे नाही, गायकाच्या श्वासावर लक्ष ठेवायचे. ठुमरीला तबल्याची साथ करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

साथीदाराचे अर्थकारण मात्र कडू होते. फलकावर नाव प्रमुखाचे, गीताचे स्वामित्वधन रचनाकाराचे. वादकाला कार्यक्रमाची बिदागी आणि ध्वनिमुद्रणाचे एकदाच मिळणारे पैसे, इतकेच. १९७७ पासून गिटारवादक जॉनी विंटर यांनी निर्मिलेल्या ध्वनिमुद्रिकांमुळे मडी वॉटर्स यांना आणखी ग्रॅमी पारितोषिके मिळाली, दौरे वाढले आणि मोबदल्याचा प्रश्न टोकाला गेला. १९८० च्या जून महिन्यात तमाशाचा फड फुटावा तसा सगळा संच एकदम बाहेर पडला. गिटारवादक बॉब मार्गोलिन आणि लूथर ‘गिटार ज्युनियर’ जॉन्सन यांनी आपापली स्वतंत्र वाट धरली, उरलेल्यांनी हा नवा बँड काढला. गंमत अशी, की त्याच महिन्यात प्रदर्शित झालेल्या ‘द ब्लूज ब्रदर्स’ या हॉलिवूडपटात पर्किन्स, स्मिथ, जोन्स आणि जॉन्सन मॅक्सवेल स्ट्रीटवर ब्लूज गायक जॉन ली हुकर यांना साथ करताना दिसतात.

‘लाइफ ऑफ ईज’ (१९८१) आणि ‘रेड हॉट अँड ब्लू’ (१९८३) या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिका राउंडर कंपनीने काढल्या. प्रमुख गायक नसल्याने गाणे वादकांनीच वाटून घेतले. स्मिथ गायक म्हणून पुढे आले ते इथेच. तरीही ज्याच्या नावावर तिकिटे खपतात असा चेहरा संचाकडे नव्हता, ही उणीव अखेरपर्यंत भरून निघाली नाही. मडी वॉटर्स १९८३ मध्ये वारले. पर्किन्स आणि पोर्टनॉय १९८० च्या दशकातच बाहेर पडले, माणसे बदलत राहिली. स्मिथ आणि जोन्स यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बँड चालवला. या उत्तरकाळातील ध्वनिमुद्रणे सुबक आहेत, पण पहिल्या दोहोंची सर त्यांना नाही.

पांगल्यावर या वादकांना जे मिळाले, ते एकत्र असताना मिळाले नव्हते. पोर्टनॉय १९९० च्या दशकात ब्रिटिश गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांच्या संचात होते. क्लॅप्टन यांच्या १९९४ च्या ‘फ्रॉम द क्रेडल’ या ध्वनिमुद्रिकेत माउथ ऑर्गन पोर्टनॉय यांचाच आहे. पर्किन्स यांची स्वतःच्या नावाची पहिली अमेरिकी ध्वनिमुद्रिका १९८८ मध्ये, पंच्याहत्तरीच्या उंबरठ्यावर निघाली. त्यानंतर उत्कृष्ट पियानोवादकाचे वार्षिक पारितोषिक ते इतक्या वेळा जिंकले, की ब्लूज फाउंडेशनने त्या पारितोषिकालाच त्यांचे नाव देऊन टाकले. २००४ मध्ये इंडियाना राज्यात त्यांच्या मोटारीला आगगाडीने धडक दिली. गाडीचा चक्काचूर झाला, पण नव्वदी ओलांडलेले पर्किन्स वाचले. पुढच्याच वर्षी त्यांना ग्रॅमीचा जीवनगौरव मिळाला.

२०१० साली पर्किन्स आणि स्मिथ यांनी ‘जॉइन्ड अ‍ॅट द हिप’ ही ध्वनिमुद्रिका केली. तीत स्मिथ यांनी ड्रम मुलाकडे, केनी स्मिथकडे सोपवले आणि स्वतः पुन्हा माउथ ऑर्गन उचलला. फेब्रुवारी २०११ मध्ये तिला ग्रॅमी मिळाले. ९७ वर्षांचे पर्किन्स हे त्या पारितोषिकाचे तोवरचे सर्वांत वयोवृद्ध मानकरी ठरले. त्याच महिन्यात मुंबईत, वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत, महिंद्रा ब्लूज महोत्सवाची सुरुवात झाली आणि शिकागोचे गिटारवादक बडी गाय यांना ऐकायला गर्दी लोटली. गाय हेही तरुणपणी मडी वॉटर्स यांच्या ध्वनिमुद्रणांत गिटारची साथ करत.

जोन्स ऑगस्ट २०१० मध्येच निवर्तले होते. पर्किन्स २१ मार्च २०११ रोजी टेक्सासमधील ऑस्टिन येथे वारले, स्मिथ त्याच वर्षी १६ सप्टेंबरला.