स्नायूंसाठीची संशोधन पेप्टाइडे

ॲमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला पेप्टाइड म्हणतात. साखळी पन्नासेक कड्यांच्या पुढे गेली की तिची गणना सहसा प्रथिनात होते. ५१ कड्यांचे इन्सुलिन अगदी सीमेवर बसते. स्नायू लवकर भरून यावेत किंवा वाढावेत म्हणून प्रयोगशाळेत अभ्यासली जाणारी काही पेप्टाइडे आता विदर्भातल्या तालुक्याच्या जिममध्ये आणि पोलीस भरतीच्या मैदानावरही ऐकू येतात. १६०० मीटरच्या सरावात पोटरी आखडते, ७.२६० किलोचा गोळा फेकताना खांदा धरतो, भरती तोंडावर असते. अशा वेळी ‘दुखणं लवकर घालवणारं इंजेक्शन’ म्हणून कुणीतरी कुपी सुचवतो.

स्नायूतंतू फाटला की आधी तिथे सूज येते आणि मेलेला भाग साफ होतो. मग तंतूला चिकटून निजलेल्या सॅटेलाइट पेशी जाग्या होतात, वाढतात आणि फाटलेल्या तंतूत मिसळतात. या पेशी अलेक्झांडर मॉरो यांनी १९६१ मध्ये दाखवल्या. पेप्टाइडांचे सगळे दावे या क्रमातला एखादा टप्पा लवकर उरकण्याचे आहेत.

सर्वाधिक नाव बीपीसी-१५७ चे. हे १५ कड्यांचे असून त्यावरचे बरेचसे काम क्रोएशियातल्या झाग्रेबच्या एका गटाचे आहे. टाचेची कंडरा किंवा मांडीचा स्नायू कापलेल्या उंदरांत ते उपयोगी दिसले. माणसांवर मोठ्या नियंत्रित चाचण्या झालेल्या नाहीत. नव्या रक्तवाहिन्या फुटण्यास ते मदत करते असे मानतात, आणि नेमकी हीच गोष्ट शरीरात लपलेल्या कर्करोगाच्या गाठीलाही पोसू शकते. टीबी-५०० चा घोळ वेगळाच. थायमोसिन बीटा-४ हे शरीरातलेच पेप्टाइड ४३ कड्यांचे असते आणि टीबी-५०० हा त्याचा ७ कड्यांचा तुकडा. बाजारात मात्र दोन्ही एकाच नावाने विकले जातात. सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून वाढ-संप्रेरक सोडवून घेतात. त्याने काट्यावर वजन वाढते, पण त्यात पाण्याचा वाटा मोठा. ताकद वाढल्याचे नीट सिद्ध नाही. हाताला मुंग्या, सांध्यांना सूज, रक्तातली वाढती साखर हे सोबत येते. ८३ कड्यांचे आयजीएफ-१ एलआर३ (इन्सुलिनसारख्या वाढ-घटकाचे बदललेले रूप) उलट साखर एकदम पाडू शकते.

कुपीत पांढरी कोरडी भुकटी असते आणि लेबलवर ‘फक्त संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. सोबतच्या कागदावरचे ‘शुद्धता ९९ टक्के’ वाचून भले भले फसतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की यंत्राला दिसलेल्या पेप्टाइडांपैकी ९९ टक्के एकाच जातीचे आहे. कुपीतल्या वजनात क्षार आणि पाणी किती, ती निर्जंतुक आहे का, जिवाणूंची विषे उरली आहेत का, यातले काहीच तो सांगत नाही. अशी विषे उरली असतील तर टोचल्यावर काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो. जंतू असतील तर टोचल्या जागी गळू धरते. एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ ब, क आणि एचआयव्हीचा धोका निराळा.

साठवणीचेही तसेच. कोरडी भुकटी उणे २० अंशांत टिकते, विरघळवल्यावर २ ते ८ अंश लागतात. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो. टिनाखालच्या गोदामात पडून राहिलेल्या पार्सलचे काय झाले हे भुकटीकडे पाहून कळत नाही. कोरडे असेतो थोडी उष्णता निभते, ओलावा शिरला की साखळी बिघडू लागते.

यांपैकी कुठल्याही पेप्टाइडाला भारतात स्नायूंच्या उपचारासाठी मान्यता नाही. वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी-यादीत बीपीसी-१५७ हे २०२२ पासून आहे. टीबी-५०० व वाढ-संप्रेरक सोडवणारी पेप्टाइडेही स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर कायम बंद आहेत. लघवीत सापडले तर चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

खात्रीचा माल वावरातच आहे. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे १.६ ग्रॅम प्रथिन पुरते: ६० किलोच्या पोराला ९६ ग्रॅम. १०० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास, एका अंड्यात ६. सोयाबीन मात्र रात्रभर भिजवून, पाणी टाकून, चांगले शिजवावे; कच्च्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, मग पोट फुगते आणि दोष सोयाबीनवर जातो.

पूर्व विदर्भात आणखी एक तपासणी कुपीआधी यायला हवी, ती सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. वाहक असलेला धडधाकट तरुणही उन्हात जीव तोडून धावला तर त्याचे स्नायू झपाट्याने मोडू शकतात. मांड्या दगडासारख्या होऊन लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली, तर मालिश किंवा वेदनाशामक गोळी न देता तासाभरात रुग्णालय गाठावे. सलाइनला उशीर झाला तर मूत्रपिंड बंद पडू शकते.