गरम पाणी, गार पाणी आणि मधली तांब्याची भिंत

उष्णता विनिमयकाचा, म्हणजे हीट एक्स्चेंजरचा, सर्वांत साधा प्रकार म्हणजे एकात एक बसवलेल्या दोन नळ्या. आतल्या तांब्याच्या नळीतून गरम पाणी जाते, तिच्या आणि बाहेरच्या नळीच्या मधल्या पोकळीतून उलट दिशेने गार पाणी येते, आणि ही दोन पाणी एकमेकांत न मिसळता भिंतीतून उष्णतेची देवघेव करतात. हे यंत्र संगणकावर उभे करायचे म्हटले, की अवघड भाग समीकरणे सोडवण्याचा असेल असे बहुतेकांना वाटते. समीकरणे सॉफ्टवेअर सोडवते. कोणती जागा कोणाची, हे मात्र माणसालाच सांगावे लागते. माझ्या मते अशा सिम्युलेशनची निम्मी अचूकता या वाटणीतच ठरून जाते.

उदाहरणादाखल आतल्या नळीचा आतील व्यास 20 मिमी, तिची भिंत 1 मिमी जाड आणि बाहेरच्या नळीचा आतील व्यास 35 मिमी धरू. आतून 60 अंश सेल्सिअसचे पाणी सेकंदाला 0.1 किलो आणि बाहेरून 20 अंशांचे पाणी सेकंदाला 0.2 किलो वाहते आहे. अशा कामासाठी ओपनफोम हे सॉफ्टवेअर जगभर वापरले जाते. त्याचे मूळ लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधले असून 2004 पासून ते सर्वांसाठी खुले आहे. त्यातल्या रीजनप्रॉपर्टीज नावाच्या छोट्याशा फाइलमध्ये द्रायूंचे प्रदेश कोणते आणि घन पदार्थांचे कोणते, याची यादी द्यावी लागते. (द्रव आणि वायू या दोहोंना मिळून मराठीत द्रायू असा नेमका शब्द आहे.) आपल्या यादीत दोन द्रायू-प्रदेश आणि तांब्याचा एक घन प्रदेश येतो. दोन्हीकडे पाणीच असताना एकच प्रदेश का नको, हा प्रश्न रास्त आहे. पण या दोन पाण्यांचा दाब वेगळा, वेग वेगळा, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची तोंडे वेगळी. त्यांची गाठ कुठेच पडत नाही. म्हणून प्रत्येकाचा दाब, वेग आणि तापमान यांचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. तांब्याला वाहायचे नसल्यामुळे त्याच्यासाठी फक्त तापमानाचे समीकरण पुरते.

प्रदेश प्रत्यक्षात आखले जातात ते जाळीतून. सारी जागा लाखो बारीक खणांत विभागली जाते आणि प्रत्येक खण कोणत्या तरी एका प्रदेशाच्या नावावर चढतो. त्यासाठी जाळी विणणाऱ्या प्रोग्रामला प्रदेशाच्या आतला एक बिंदू दाखवायचा असतो. त्या बिंदूपासून निघून भिंत लागेपर्यंत जेवढे खण सापडतील, तेवढे त्या प्रदेशाचे. इथेच एक चूक वारंवार होते. नळीच्या टोकाशी भिंतीचा पृष्ठभाग नीट मिटलेला नसला आणि फट खणाच्या आकारापेक्षा मोठी असली, तर जाळी तिथून गळते आणि गरम व गार पाण्याचा एकच प्रदेश होऊन बसतो. प्रोग्राम तक्रार करीलच असे नाही, कारण त्याच्या दृष्टीने सारे नियमानुसारच झालेले असते. उलट प्रकारही घडतो. कुठेतरी कोपऱ्यात चार-दोन खण बेवारस राहतात आणि प्रदेश वेगळे करणारा प्रोग्राम त्यांना ‘डोमेन0’ असे नाव स्वतःच देऊन टाकतो. त्यामुळे विभागणी झाल्यावर प्रदेशांची नावे आणि प्रत्येकातील खणांची संख्या वाचणे हे काम मी कधीही टाळत नाही. तिथे तीनच नावे दिसायला हवीत.

यानंतर प्रत्येक प्रदेशाला त्याचे गुणधर्म द्यायचे. पाणी म्हटले की एकच आकडे दोन्हीकडे लिहिण्याचा मोह होतो, पण पाण्याची विष्यंदिता, म्हणजे त्याचा चिकटपणा, 20 अंशांना जेवढी असते त्याच्या निम्म्याहूनही कमी 60 अंशांना असते. प्रवाह शांत थरांनी जाणार की खळाळत, हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक या विष्यंदितेवर अवलंबून असतो. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी 1883 मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून हा बदल दाखवला होता. आपल्या आतल्या नळीत हा अंक सुमारे 13,600 येतो. तिथे चुकून 20 अंशांची विष्यंदिता लिहिली, तर तोच 6,400 पर्यंत उतरतो. बाहेरच्या पोकळीत तो जेमतेम 4,500 च्या घरात आहे. आतला प्रवाह चांगलाच खळाळता, तर बाहेरचा नुकताच त्या अवस्थेत शिरू पाहणारा. म्हणूनच ओपनफोममध्ये संक्षोभाचे, म्हणजे प्रवाहाच्या खळाळण्याचे, गणिती प्रारूप प्रत्येक द्रायू-प्रदेशासाठी वेगळे निवडता येते.

सर्वांत नाजूक जागा म्हणजे पाणी आणि तांबे भेटतात ती सीमा. तिथे आपण तापमान सांगायचे नसते. दोन्ही बाजूंचे तापमान समान असावे आणि एका बाजूने जेवढी उष्णता निघेल तेवढीच दुसरीकडे पोहोचावी, या दोन अटी घातल्या की सीमेचे तापमान गणितातून आपोआप निघते. तांब्याची उष्मावाहकता पाण्याच्या सुमारे 600 पट असते. साहजिकच, तीच उष्णता वाहून नेताना भिंतीलगतच्या पाण्यात तापमानाचा उतार तांब्यातल्या उतारापेक्षा 600 पट तीव्र असतो, आणि तो टिपण्यासाठी पाण्याच्या बाजूचे खण फार बारीक लागतात. आपल्या गरम पाण्यात भिंतीलगतच्या पहिल्या खणाचा मध्य भिंतीपासून सुमारे 0.02 मिमी अंतरावर ठेवावा लागेल. माणसाचा केससुद्धा याहून जाड असतो. तांब्यात मात्र तीन-चार थर पुरतात, कारण तिथे तापमान फारसे बदलतच नाही.

सुरुवातीचे तापमान केल्व्हिनमध्ये द्यायचे, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, तरी सांगतो. 60 अंश सेल्सिअस म्हणजे 333 केल्व्हिन. नुसते 60 लिहिले, तर संगणक ते उणे 213 अंश सेल्सिअसचे पाणी समजेल आणि गुणधर्म स्थिर धरले असतील तर बिनतक्रार उत्तरही देईल.

गणित स्थिरावले, की पहिल्यांदा उष्णतेचा ताळा पाहावा. गरम पाणी 6 अंशांनी निवले, तर त्याने सुमारे 2.5 किलोवॅट उष्णता दिली. गार पाण्याचा प्रवाह दुप्पट असल्यामुळे ते 3 अंशांनी तापायला हवे. ते 5 अंशांनी तापलेले दिसले, तर संक्षोभाच्या प्रारूपाला हात लावण्याआधी दोन्ही बाजूंनी लिहिलेले प्रवाह आणि गुणधर्म पुन्हा वाचावेत. आणि एका पाण्याचे प्रत्येक सेकंदाला आत येणारे व बाहेर पडणारे वस्तुमानच जुळत नसेल, तर सरळ जाळीकडे परतून नळीच्या टोकांशी फट शोधावी.