'एन्री' आणि 'एनले'

बेळगावात ज्याला कन्नड अजिबात येत नाही, त्यालाही दोन शेपट्या बरोबर कळतात: 'री' आणि 'ले'. 'एन्री' म्हणजे 'काय हो'. 'एनले' म्हणजे 'काय रे'. आपल्या 'काय रे'त थोडीफार माया तरी असू शकते, अनोळखी माणसाच्या 'एनले'त ती सापडत नाही.

मागे एकदा शहापूरहून घरी येताना डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सर्कलला पोलिसाने हात केला. "एन्री, हेल्मेट एल्लि?" म्हणजे कुठंय, आणि मग मोडक्या मराठीत, "घरात ठेवून काय उपयोग हो?" पाचशेची पावती फाडली, मी मुकाट्याने पैसे दिले. काही महिन्यांनी दुसऱ्या सर्कलला पुन्हा अडवलं. या वेळी हेल्मेट होतं, कागदपत्रं होती, सगळं जागेवर होतं. तरी "एनले, बाजूला घे" म्हणत एकाने किल्ली काढून घेतली, दहा मिनिटं उन्हात उभं केलं आणि काही न बोलता सोडून दिलं. पैसे गेले पहिल्या वेळी, पण अजून आठवला की राग येतो तो दुसऱ्या प्रसंगाचा. हिशेबात हे बसत नाही.

याच न बसणाऱ्या हिशेबाचा अभ्यास टॉम टायलर या अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञाने केला. १९८४ मध्ये त्याने शिकागोतल्या १,५७५ रहिवाशांशी फोनवर बोलून पोलीस आणि कोर्टाचे त्यांचे अनुभव विचारले. वर्षभराने त्यांच्यापैकी ८०४ जणांना पुन्हा विचारलं. लोक पोलिसांना मानतात ते शिक्षेच्या भीतीने किंवा निकाल आपल्या बाजूने लागला म्हणून, असा सर्वसाधारण समज होता. उत्तरं वेगळीच आली. दंड झाला की सुटका झाली, यापेक्षा आपल्याला कसं वागवलं हे लोकांच्या मनात जास्त वजनदार होतं. आपलं म्हणणं ऐकून घेतलं का, सर्वांना एकच नियम लावला का, माणूस म्हणून मान दिला का, समोरच्याचा हेतू सरळ वाटला का, या चार गोष्टींवर सगळं ठरत होतं. अभ्यासक याला 'प्रोसिजरल जस्टिस' म्हणतात. मी 'वागणुकीतला न्याय' म्हणेन.

असं का होत असावं? पोलीस हा आपल्याला रस्त्यात भेटणारा सरकारचा चेहरा. तो कसा बोलतो त्यावरून या समाजात आपली जागा कुठे आहे, हे आपण नकळत ताडतो. सीमाभागात हा काटा जरा जास्तच हलका आहे. बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून 'आपण इथले की नाही' हा प्रश्न ज्या घरांत जेवणाच्या ताटावर बसतो, तिथे एका 'ले'चा अर्थ फक्त उद्धटपणा एवढाच राहत नाही. तो पोलीस घरी स्वतःच्या मुलालाही 'ले'च म्हणत असेल कदाचित. पण ऐकणाऱ्याला हे कुठून कळणार?

वागणूक ठरवून बदलता येते का, हे ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये तपासलं गेलं. लॉरेन मॅझरोल या अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दारूच्या तपासणीचे ६० नाके घेतले आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. निम्म्या नाक्यांवर नेहमीसारखं, म्हणजे फुंका आणि निघा, साधारण २० सेकंद. उरलेल्यांवर पोलिसांनी सांगायचं की ही तपासणी का आहे, तुम्हाला मुद्दाम निवडलेलं नाही, तुमच्या भागातल्या गुन्ह्यांबद्दल तुमचं काय म्हणणं आहे, आणि शेवटी आभार. याला सरासरी ९७ सेकंद लागले. एवढ्यावर चालकांचं पोलिसांबद्दलचं मत सुधारलेलं दिसलं. (दिलेला फॉर्म भरून परत पाठवणारे आठांत एखादाच होते, हेही ध्यानात ठेवायला हवं.)

मग हाच प्रयोग स्कॉटलंडमध्ये झाला आणि उलटा पडला. नव्या पद्धतीने बोललेल्या गटात विश्वास कमी भरला. अभ्यासकांनी खोलात जाऊन पाहिलं तेव्हा गोम पोलीस खात्यातच निघाली. २०१३ मध्ये तिथली सगळी पोलीस दलं एकत्र केली होती, पोलीस स्वतःच वैतागलेले होते आणि हा प्रयोग त्यांना वरून लादलेला वाटला. मला हा निष्कर्ष ब्रिस्बेनपेक्षा मोलाचा वाटतो. कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाला सुवर्णसौधच्या, म्हणजे त्याच्या इथल्या इमारतीच्या, बंदोबस्तासाठी राज्यभरातून पोलीस बेळगावात येतात. दिवसभर रस्त्यावर उभं राहायचं, कुठल्यातरी हॉलमध्ये झोपायचं. ज्याला स्वतःला वरून 'ले' ऐकावं लागतं, त्याच्या तोंडी 'री' किती वेळ टिकेल?

आता काठीकडे येऊ. १८९५ मध्ये गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाने मांडलं की गर्दीत माणसाची अक्कल जाते. वेळीच काठी चालवली की जमाव ताळ्यावर येतो, हा समज याच चुलीवर शिजलेला. स्टीफन रायकर आणि क्लिफर्ड स्टॉट या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासाने तो बराच मोडीत काढला. गर्दी एकजीव नसते. तिच्यात घोषणा देणारे असतात, बघे असतात, दगड शोधणारा एखादा असतो आणि त्याचा हात धरणारेही असतात. सरसकट काठी चालली की ही सगळी माणसं एका क्षणात 'आपण' होतात, आणि हात धरणारा बाजूला होतो. २००४ मध्ये पोर्तुगालात युरो फुटबॉल स्पर्धेवेळी शहरांतल्या पोलिसांनी हे ध्यानात घेऊन काम केलं. जोडीजोडीने गर्दीत फिरायचं, बोलायचं, आणि दंगा करणाऱ्या तेवढ्यालाच उचलायचं. तिथे इंग्लंडच्या बदनाम चाहत्यांनीही फारसा गोंधळ घातला नाही. दंगल झाली ती अल्बुफेरात, जिथे बंदोबस्त दुसऱ्या दलाकडे होता.

आपल्याकडे १ नोव्हेंबरला एकाच शहरात मराठी लोकांच्या निषेधाची, काळ्या दिवसाची सायकल फेरीही असते आणि चन्नम्मा सर्कलला कर्नाटकाच्या स्थापनेची, राज्योत्सवाची मिरवणूकही. दोन्हीकडे पोलीस तेच. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूर गावातल्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकावरून लाठीमार झाला, डिसेंबर २०२४ मध्ये सुवर्णसौधजवळ आरक्षण मागणाऱ्या पंचमसाली लिंगायत आंदोलकांवर झाला. पहिले मराठी, दुसरे कन्नड. वळ दोघांच्याही पाठीवर सारखेच उठले. आणि ते लवकर विसरले जात नाहीत, याला आकडाही आहे. वेस्ली स्कोगन या अभ्यासकाने २००६ मध्ये दाखवलं की पोलिसांच्या वाईट अनुभवाचा परिणाम चांगल्या अनुभवाच्या ४ ते १४ पट असतो.

राहिला कागद. तक्रार तोंडी दिली तर ती लिहून घ्यायची, तक्रारदाराला वाचून दाखवायची आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची, असं कायदा सांगतो. घटनेचं ३५० वं कलम देशात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायची मुभा देतं. खानापूरकडच्या माझ्या मावशीच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली, तेव्हा तिने सगळं मराठीत सांगितलं. हवालदाराने ते कन्नडमध्ये लिहिलं, कन्नडमध्येच भराभर वाचलं आणि खाली बोट ठेवलं. तिने मराठीत सही केली. पुढे कोर्टात फाइल कन्नडमध्येच जाणार, म्हणून त्याने कन्नडमध्ये लिहिलं यात मला काही वावगं दिसत नाही. पण बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काय लिवलंय रे त्यात?" आणि मलाही सांगता येईना.

२०२५ मध्ये कर्नाटकात 'मने मनेगे पोलीस', म्हणजे घरोघरी पोलीस, ही योजना सुरू झाली. असल्या उपक्रमांबद्दल फार आशा धरू नये. ब्राझीलपासून फिलिपिन्सपर्यंत सहा देशांत लोकाभिमुख पोलिसिंगची चाचणी झाली, त्याचे निकाल २०२१ मध्ये आले, आणि विश्वास काही वाढलेला दिसला नाही. तरी मावशीच्या दारात बीटचा पोलीस आला. तिने चहा ठेवला आणि आतून प्लॅस्टिकची पिशवी आणून तो कागद त्याच्यापुढे धरला. त्याने चष्मा लावून ओळ न् ओळ मराठीत सांगितली. मोटार पाच एचपीची लिहिली होती.

"साडेसातची," मावशी म्हणाली. "तवाच सांगितलं हुतं."