वावडं, पित्त आणि सर्दीचा कोठा

वर्षाचा गहू उन्हाळ्यात एकदम भरून ठेवायची रीत इंदूरच्या मराठी घरांत अजून आहे. राजेंद्रनगरला आमच्या अंगणात पोती सोडली आणि चाळण फिरू लागली, की आईच्या शिंका सुरू. नाकावरून पदर घट्ट बांधला तरी लागोपाठ दहा-बारा शिंका, नाकातून पाण्याची धार आणि टाळूला खाज. ताप मात्र कधीच नाही. घरात याला ‘सर्दीचा कोठा’ म्हणत. तिच्याच अंगावर अधूनमधून गांधी उठत, ते ‘पित्त’. मामाला ‘दमा’. धाकट्या भावाला अंड्याचं ‘वावडं’. शब्द चार, म्हणून आजारही चार धरले आणि औषधंही चार ठिकाणांहून आणली.

आपल्या भाषेनं वावडं ताटातल्या पदार्थापुरतं ठेवलं, नाकाला ते लावलंच नाही. यात आपली चूक फारशी नाही. वैद्यकालाही नाक आणि वावडं यांची सांगड घालायला दीडशे वर्षं लागली.

धूळ आणि धूर नाकाला बाधतात हे सुश्रुतसंहितेत आलं आहे. प्रतिश्यायाच्या, म्हणजे सर्दीच्या, कारणांत दोन्हींचा उल्लेख आहे. पण ठरावीक मोसमात उसळणाऱ्या या त्रासाचं बारकाईनं वर्णन केलं ते जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरनं, १८१९ साली. रोगी तो स्वतःच होता. दर जूनमध्ये डोळे लाल, शिंका, छाती जड. असे आणखी २८ रोगी जमवून १८२८ साली त्यानं पुन्हा लिहिलं, पण दोष दिला उन्हाळ्याला. खरं कारण गवताचे परागकण, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकलीनं १८७३ साली प्रयोगांनिशी मांडलं. त्यालाही हाच आजार होता. चिकट काचा पतंगांना बांधून त्यानं उंचावरच्या हवेतले पराग पकडले आणि स्वतःची कातडी खरवडून तिथे पराग चोळले. नाकाच्या आजाराचा कातडीवर शोध घेणारा हा माणूस मला फार मोठा वाटतो.

‘ॲलर्जी’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता. तो १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला. हे मुलांचे डॉक्टर. घटसर्पावर घोड्याच्या रक्तातला औषधी द्रव टोचला, की काही मुलांना दुसऱ्या खेपेला लवकर आणि जोरात बाधा होई. शरीर एकदा ओळख झालेल्या वस्तूशी बदलून वागतं, असा त्यांचा विचार होता. म्हणजे फांदीचं वर्णन झाल्यावर ८७ वर्षांनी खोडाला नाव मिळालं.

नाक आणि वावडं यांच्या जोडणीकडे नेणारा प्रयोग १९२१ चा, क्युस्टनर आणि प्राउसनिट्झ या दोन जर्मन डॉक्टरांचा. क्युस्टनर यांना शिजवलेल्या माशाचं वावडं होतं. त्यांच्या रक्तातला द्रव प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. प्राउसनिट्झ मासे बिनधास्त खात, तरी त्या जागी गांध उठली. वावडं पोटात नाही, रक्तात आहे, हे त्या एका गांधीनं दाखवलं. रक्तातला तो पदार्थ कोणता, हे कळायला आणखी ४५ वर्षं गेली. १९६६-६७ मध्ये अमेरिकेत इशिझाका दांपत्यानं आणि स्वीडनमध्ये योहान्सन-बेनिक यांनी तो वेगवेगळा शोधला. आज त्याला आयजीई (IgE) म्हणतात; शरीर ओळखीच्या वस्तूविरुद्ध बनवतं ते हे प्रथिन.

नाक, कातडी, श्वासनलिका यांच्या अस्तरात ‘मास्ट’ नावाच्या पेशी असतात, आयजीई त्यांना चिकटून बसतं. ओळखीचा कण पुन्हा आला की या पेशींतल्या बारीक पिशव्या फुटतात आणि खाज-सूज आणणारं हिस्टामिन हे रसायन बाहेर पडतं. नाकात फुटल्या तर शिंका आणि पाणी, कातडीत फुटल्या तर गांधी, श्वासनलिकांत फुटल्या तर दमा. एकाच घराण्यात हे सगळं का दिसतं, त्याचं उत्तर इथे आहे. वारसा येतो तो या प्रवृत्तीचा. ती नाकातून बाहेर पडेल की कातडीतून, हे ठरलेलं नसतं.

मात्र नाकातून पाणी आलं की ॲलर्जीच, असं नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, इंदूरच्या राजवाड्यासमोर गुलालाचे ढग उठतात तेव्हा शेकडो माणसं शिंकतात. त्यातल्या बहुतेकांची नुसती नाकं चुरचुरलेली असतात. आणि सगळी ॲलर्जी आयजीईचीही नसते. रिकाम्या प्लॉटांवर माजणारं गाजरगवत उपटून हाताला जे खाजरे चट्टे येतात, ते दिवस-दोन दिवसांनी, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या उशिरा जागणाऱ्या प्रतिक्रियेतून. त्याच गवताचे पराग नाकात गेले तर मात्र आयजीईचा मार्ग.

साठीनंतर आईची तपासणी झाली. हातावर ओळीनं थेंब ठेवले, प्रत्येकातून सुईचं बारीक टोक टोचलं आणि पंधरा-वीस मिनिटं थांबायला सांगितलं. एक थेंब नुसत्या हिस्टामिनचा होता, तुलनेसाठी. गव्हाच्या थेंबापाशी काही नव्हतं. धुळीतल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किडीच्या थेंबापाशी मात्र लालसर कडेची, फुगीर गांध. आई चष्मा सारून हात जवळ नेऊन बघत राहिली. म्हणाली, “अगं, हे तर माझं पित्त.”