बंदूक, घरटे आणि पाणवठा

सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीकडच्या दरीत उन्हाळ्यात गेलात तर एखाद्या डबक्यासमोर कॅमेऱ्यांची रांग दिसते. टिकेलचा निळा माशीमार किंवा स्वर्गीय नर्तक अंघोळीला उतरला, की सगळी शटर एकदम वाजतात. पाण्यापाशी दबा धरून बसायचे हे वेड अलीकडचे.

ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली प्रसिद्ध केली, तेव्हा पक्षी नीट पाहायचा म्हणजे आधी तो मारायचा, अशी रीत होती. कॅमेरा आला तरी अडचण तीच राहिली: शिंजीर किंवा शिंपी पक्ष्यासारखा बोटभर जीव क्षणभरही स्थिर बसत नाही, आणि जुने कॅमेरे अवजड, संथ. पण पिलांना भरवायला तो दर काही मिनिटांनी एकाच जागी परततो. म्हणून छायाचित्रकार घरट्याशी जाऊन बसले. इंग्लंडच्या कीर्टन बंधूंनी तर बैलाचे कातडे सांगाड्यावर चढवून त्याच्या पोटात कॅमेरा लपवला होता. (पोळ्याला मिरवायलाच हवा होता!)

पुढे कापडी लपण, म्हणजे आत दडून बसायचा तंबूसारखा आडोसा, सगळीकडे रूढ झाले. उजेड यावा म्हणून घरट्यापुढच्या फांद्या बांधायच्या किंवा छाटायच्या. माणूस निघून गेला, की तेच उघडे पडलेले घरटे कावळ्याला आणि भारद्वाजाला दिसायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानपक्ष्यांची घरटी आणि अंडी विस्कळीत करणे शिकारीच्याच व्याख्येत घातले. तरी घरट्यावरचे फोटो त्यानंतरही बरीच वर्षे कौतुकाने छापले जात. माझ्या मते ही सवय मोडली ती कायद्यापेक्षा यंत्राने.

फिल्मच्या रोलमध्ये ३६ फ्रेम, त्यातही सावलीतला पक्षी हललेलाच यायचा. ऑटोफोकस १९८० च्या दशकात रूढ झाला आणि २००० नंतर डिजिटलने रोलचा हिशेब संपवला. दूरचे जवळ आणणारी १५०-६०० मिमीची लेन्स २०१४ च्या सुमारास हौशी माणसाच्या आवाक्यात आली, तेव्हा घरटे सोडून पाणी गाठणे सोपे झाले. २०२० पासून काही कॅमेरे फांद्यांच्या गुंत्यातून पक्ष्याचा डोळा आपणहून धरतात. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पानाआड हुंदडणारा सुभग पक्षी आता चालता चालता टिपता येतो.

तरीही पक्ष्याने हवे तिथे बसावे म्हणून डबक्याकाठी काठी रोवणे, आमिषाला किडे टाकणे, मोबाइलवर त्याची शीळ वाजवणे थांबलेले नाही. फोटो नीट पाहा: पक्षी वेगवेगळे, काठी मात्र तीच, शेवाळलेली.