रेटिंग स्केलचा आकडा आणि त्याच्या शेजारचे शब्द : नर्सिंग शिक्षणातल्या मूल्यमापनाची पार्श्वभूमी

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात जुलै १८६० मध्ये पंधरा उमेदवार स्त्रिया नर्सिंग शिकायला दाखल झाल्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने लोकांनी जमवलेल्या निधीतून ही शाळा सुरू झाली होती. प्रशिक्षण एक वर्षाचं. मेट्रन सारा वॉर्ड्रोपर दर महिन्याला प्रत्येकीचा एक तक्ता भरत. चारित्र्य आणि शिकलेली कामं, अशी त्याची सरळ विभागणी होती. एका बाजूला वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, स्वच्छता, नीटनेटकेपणा. दुसऱ्या बाजूला जखमांचं ड्रेसिंग, जळवा लावणं, एनिमा देणं, बँडेज बांधणं, असहाय रुग्णाला हलवणं, बिछाना घालणं, वॉर्डातली हवा खेळती ठेवणं, रुग्णाचं निरीक्षण करणं. रकान्यात भरायचे शेरे ठरलेले होते : उत्कृष्ट, चांगले, मध्यम, अपुरे आणि सगळ्यात खाली शून्य.

आजच्या क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचा मूल्यमापन फॉर्म हातात घेऊन हा तक्ता डोळ्यांपुढे आणावा. जळवा गेल्या आणि कॅथेटर आला, पण सांगाडा तोच आहे. डावीकडे बाबी, उजवीकडे पाच पायऱ्या, खाली सही. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ज्याला पदनिश्चयन श्रेणी म्हणतात आणि कॉलेजात सगळे रेटिंग स्केल म्हणतात, ते साधन नर्सिंगला बाहेरून फार उशिरा मिळालं असा समज आहे. तो मला मान्य नाही. मानसशास्त्रज्ञांनी या साधनाचा शास्त्रीय अभ्यास सुरू करण्याच्या कितीतरी आधी ते वॉर्डात वापरात होतं.

वॉर्ड्रोपरबाईंच्या तक्त्यात एक गोष्ट मात्र नव्हती. ‘चांगले’ म्हणजे किती चांगले आणि ‘मध्यम’ म्हणजे नेमकं काय कमी, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त त्यांना ठाऊक होतं. एकच मेट्रन सगळ्यांना शेरे देत होती तोवर हे चालून गेलं, कारण तिची मोजपट्टी तिच्या डोक्यात होती आणि सगळ्यांना तीच लागू होत होती. परीक्षक एकाचे दहा झाले की ही सोय संपते. त्यानंतरच्या दीडशे वर्षांची कहाणी मुख्यतः आकड्याशेजारी कोणते शब्द लिहायचे याचीच आहे.

नाइटिंगेल यांना स्वतःलाही मोजमापाची ही अडचण दिसत होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या नोंदणीची मागणी होऊ लागली, तेव्हा त्यांनी तिला विरोध केला. चांगल्या परिचारिकेचे गुण सार्वजनिक परीक्षेत तपासता येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. हा वाद त्या अखेर हरल्या आणि नोंदणी आली. मात्र आक्षेपात तथ्य होतं. लेखी परीक्षा ज्ञान तपासते, ड्रेसिंग करणारा हात तपासत नाही. म्हणूनच परीक्षा आल्यावरही वॉर्ड सिस्टरचा अहवाल टिकून राहिला. बहुतेक ठिकाणी तो शिस्त, आज्ञाधारकपणा आणि टापटीप यांवरच अडकून पडला, हे दुर्दैव.

रेटिंगला शास्त्राचं रूप मिळालं ते सैन्यात. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकी सैन्याला थोड्या काळात हजारो अधिकारी निवडायचे होते. वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी माणसाची माणसाशी तुलना करणारी पद्धत आणली. परीक्षकाने आधी आपल्या ओळखीतल्या पाच अधिकाऱ्यांची नावं लिहायची, सर्वांत श्रेष्ठापासून सर्वांत कनिष्ठापर्यंत. मग समोरचा उमेदवार त्यांतल्या कोणाच्या जवळ बसतो ते ठरवायचं. शारीरिक गुण, बुद्धिमत्ता, नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व यांना प्रत्येकी जास्तीत जास्त १५ गुण, आणि सैन्याला एकंदर उपयोग किती याला ४०. बेरीज शंभर. ‘उत्तम’ या पोकळ शब्दाऐवजी एक जिवंत माणूस समोर ठेवायचा, ही कल्पना हुशारीची होती. फक्त प्रत्येक परीक्षकाची पाच माणसं वेगळी असायची.

याच सैनिकी रेटिंगवर बोट ठेवून मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये एक छोटा लेख लिहिला. वरिष्ठांनी दिलेल्या गुणांत शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांचा परस्परसंबंध संशय यावा इतका जास्त आणि संशय यावा इतका सारखा निघत होता. त्यांनी निष्कर्ष काढला की परीक्षक प्रत्येक गुण वेगळा पाहतच नाही. माणसाबद्दल त्याचं एक सरसकट मत बनतं आणि त्याचा रंग सगळ्या रकान्यांवर चढतो. यालाच पुढे हॅलो इफेक्ट, म्हणजे तेजोवलयाचा परिणाम म्हणू लागले. वॉर्डात हे रोज घडतं. हसतमुख, गणवेश कडक इस्त्रीचा, सिस्टरला वेळेवर नमस्कार, अशा विद्यार्थिनीला औषधांच्या नोंदीतही पाचपैकी चार मिळतात. बुजऱ्या मुलीचं निर्जंतुक तंत्र कितीही बिनचूक असो, तिच्या रांगेत तीनच दिसतात.

१९२० च्या दशकात आडव्या रेषेवर खूण करायची ग्राफिक स्केल रुजली आणि १९३२ मध्ये रेन्सिस लिकर्ट यांची वृत्तिमापनाची पद्धत आली. लिकर्टचं साधन मुळात लोकांची मतं मोजण्यासाठी होतं. तरी आजही कौशल्याच्या फॉर्मला सर्रास ‘लिकर्ट स्केल’ म्हटलं जातं. हे नुसतं नावापुरतं राहिलं असतं तर हरकत नव्हती. पण ‘पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत’ हा साचा कौशल्याच्या फॉर्ममध्ये शिरला की शिक्षकाने काय पाहिलं हे बाजूला पडतं आणि त्याला काय वाटतं हेच नोंदलं जातं.

नर्सिंगचं खरं योगदान इथून पुढे सुरू होतं आणि ते फारसं सांगितलं जात नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

१९५४ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी निर्णायक प्रसंगांचं तंत्र मांडलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर केलेल्या कामातून ते आलं होतं. गुणांची नावं विचारू नका, ज्यामुळे काम साधलं किंवा फसलं तो प्रसंग विचारा, असा त्याचा गाभा. त्यानंतर १९६३ मध्ये पॅट्रिशिया केन स्मिथ आणि लॉर्न केंडल यांनी एक नवी मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात पायऱ्यांवर विशेषणांऐवजी वर्तनाची उदाहरणं होती. मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात बार्स (बिहेवियरली अँकर्ड रेटिंग स्केल्स, वर्तनाच्या उदाहरणांवर बेतलेल्या मोजपट्ट्या) या नावाने जी पद्धत आज जगभर शिकवली जाते, तिचं हे मूळ. आणि हे मूळ कारखान्यातलं नाही, बँकेतलंही नाही. हे काम अमेरिकेच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगसाठी झालं होतं आणि मोजपट्टी बनली ती वॉर्डच्या हेड नर्सेसकडून.

ती बनवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. हेड नर्सेसच्या एका गटाने चांगल्या कामाचे पैलू स्वतःच्या भाषेत सांगितले आणि प्रत्येक पैलूसाठी वागण्याची उदाहरणं दिली. मग ती सगळी उदाहरणं पिसून दुसऱ्या गटापुढे ठेवली : कोणतं उदाहरण कोणत्या पैलूचं, ते तुम्ही सांगा. एका भाषेतला मजकूर दुसरीत नेऊन पुन्हा पहिलीत आणावा आणि अर्थ टिकला का ते पाहावं, तशी ही परीक्षा होती. ज्या उदाहरणाबद्दल एकमत झालं नाही ते काढून टाकलं. उरलेल्या उदाहरणांना श्रेणी द्यायला सांगितलं. ज्यांच्या श्रेणीवर मतं फार पांगली तीही गेली. शेवटी जी उरली ती उभ्या रेषेवर आपापल्या उंचीला बसवली. परीक्षकाने नुसती खूण करायची नव्हती, आपण पाहिलेलं वर्तनही तिथे लिहायचं होतं.

पुढच्या काळात मोजपट्ट्यांच्या प्रकारांची तुलना करणारे पुष्कळ अभ्यास झाले आणि या कष्टाच्या मानाने गुणांची अचूकता फारशी वाढत नाही असं दिसू लागलं. १९८० मध्ये फ्रँक लँडी आणि जेम्स फार यांनी सगळ्या संशोधनाचा आढावा घेऊन सुचवलं की मोजपट्टीच्या आकारावरचं संशोधन आता थांबवावं आणि परीक्षकाच्या डोक्यात काय चालतं ते अभ्यासावं. सल्ला योग्यच होता. तरीही हेड नर्सेसच्या त्या प्रयोगाचं मोल मला वेगळ्या जागी दिसतं. ‘चांगली नर्स’ हे दोन शब्द वापरणाऱ्यांना एकत्र बसवून, तुम्ही नेमकं काय पाहून असं म्हणता, हे पहिल्यांदा इतक्या चिकाटीने विचारलं गेलं.

हेड नर्सेसच्या त्या प्रयोगाच्याच, १९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात डोरिस स्लेटर यांनी परिचारिकांच्या क्षमतांचं ८४ बाबींचं स्केल तयार केलं. १९७५ मध्ये ते मेबल वँडेल्ट यांच्या सहकार्याने प्रसिद्ध झालं. त्यातल्या पायऱ्या ‘सर्वोत्तम परिचारिका’, ‘सरासरी परिचारिका’, ‘सर्वांत कमकुवत परिचारिका’ आणि त्यांच्या मधल्या जागा अशा होत्या. स्कॉटच्या पाच अधिकाऱ्यांची सावली इथे स्पष्ट दिसते. १९७८ मध्ये पॅट्रिशिया श्विरियन यांनी सहा पैलू आणि ५२ बाबींचं स्केल मांडलं. नेतृत्व, गंभीर रुग्णांची सेवा, शिकवणं व सहकार्य, नियोजन व मूल्यमापन, संवाद आणि व्यावसायिक विकास हे ते सहा पैलू. हे स्केल पुढे जगभरच्या संशोधनात वापरलं गेलं.

दरम्यान मूल्यमापनाचा एक मूळ प्रश्न बदलला होता. रॉबर्ट ग्लेसर यांनी १९६३ मध्ये निकषाधारित मापनाचा विचार मांडला : विद्यार्थी इतरांच्या मानाने कुठे आहे हे विचारू नका, ठरलेल्या निकषापर्यंत तो पोचला का हे विचारा. नर्सिंगला हा विचार जितका पटायला हवा तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या शिक्षणाला. वर्गात सगळ्यांत चांगलं इंजेक्शन देणारी विद्यार्थिनी रुग्णासाठी सुरक्षित असेलच असं नाही.

या विचाराला वॉर्डात चालेल असं रूप दिलं कॅथलीन बाँडी यांनी, १९८३ मध्ये. त्यांच्या स्केलच्या पाच पायऱ्या अशा : स्वतंत्र, देखरेखीखाली, साहाय्याने, काठावर आणि परावलंबी. नावं महत्त्वाची नाहीत. महत्त्वाचं हे की प्रत्येक पायरी तीन गोष्टींनी बांधलेली आहे. काम सुरक्षित आणि अचूक झालं का, हे पहिलं. हालचालींतली सफाई, लागलेला वेळ आणि खर्ची पडलेली शक्ती, हे दुसरं. आणि शिक्षकाला किती व कशी मदत करावी लागली, हे तिसरं. मदतीतही त्यांनी फरक केला. ‘बरोबर चाललंय’ एवढा धीर देणं वेगळं, ‘आता ग्लोव्ह बदल’ असं सांगणं वेगळं आणि हात धरून दाखवावं लागणं आणखी वेगळं.

कॅथेटर घालण्याची प्रोसिजर घ्या. विद्यार्थिनी साहित्य मांडते, निर्जंतुक क्षेत्र राखते, एका टप्प्यावर थबकून शिक्षकाकडे बघते, मान हलली की पुढे जाते. ही देखरेखीखालची पायरी. दुसरीला दर टप्प्याला पुढचं पाऊल सांगावं लागतं, दोनदा हातही धरावा लागतो, काम सुरक्षित होतं पण ते शिक्षक शेजारी आहे म्हणूनच. ही काठावरची. दोघींनाही जुन्या फॉर्मवर ‘चांगले’ मिळू शकलं असतं, कारण शेवटी कॅथेटर दोघींचाही बसला. १९८४ च्या पुढच्या अभ्यासात बाँडी यांनी दाखवलं की असे लिखित निकष हाती असले की शिक्षकांचे गुण अधिक अचूक आणि अधिक एकसारखे येतात. वॉर्ड्रोपरबाईंच्या डोक्यातली मोजपट्टी इथे कागदावर उतरली.

सगळे याने समाधानी नव्हते. पॅट्रिशिया बेनर यांनी, माणूस कौशल्य कसं आत्मसात करतो याबद्दलच्या ड्रायफस बंधूंच्या मांडणीवरून, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नवशिक्या ते तज्ज्ञ असा पाच टप्प्यांचा प्रवास मांडला. अनुभवी परिचारिकेला रुग्णाचा रंग बदलताना जे दिसतं ते सुट्या बाबींच्या यादीत मावत नाही, हे त्यांनी प्रसंगांच्या कथनांतून दाखवलं. वैद्यकीय शिक्षणातून आलेल्या ऑस्कीने, म्हणजे १९७५ मध्ये रोनाल्ड हार्डन यांनी मांडलेल्या, एकेका स्थानकावर एकेक छोटं काम करून दाखवायच्या परीक्षेने, उलट टोक धरलं : बारीक तुकडे करा, चेकलिस्टवर हो किंवा नाही नोंदवा. पण ग्लेन रेगेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं की शल्यकौशल्याच्या अशा परीक्षेतही जाणकार परीक्षकाने एकंदर कामगिरीला दिलेलं रेटिंग चेकलिस्टपेक्षा सरस ठरतं. जाणकाराची नजर पुन्हा मानाने आत आली. २००७ मध्ये कॅथी लॅसेटर यांनी क्लिनिकल निर्णयक्षमतेसाठी अकरा पैलूंचं रुब्रिक, म्हणजे प्रत्येक पायरीचं वर्णन असलेला तक्ता, दिलं, त्यातही लक्षात येणं, अर्थ लावणं, कृती आणि चिंतन असा प्रवासच पायऱ्यांच्या वर्णनात गुंफलेला आहे.

एक दुखणं कोणत्याही मोजपट्टीने बरं केलं नाही. स्कॉटलंडमध्ये कॅथलीन डफी यांनी २००३ मध्ये मेंटर, म्हणजे वॉर्डात विद्यार्थ्यांवर देखरेख करणाऱ्या परिचारिका, आणि प्राध्यापकांशी बोलून लिहिलेल्या अहवालात दिसलं की विद्यार्थी कमी पडतोय हे ओळखूनही त्याला नापास केलं जात नाही. शंका उशिरा बोलून दाखवली जाते, मेंटरला स्वतःच्या निर्णयाची खात्री नसते, कोणाचं भवितव्य आपल्या सहीने अडेल हे सोसवत नाही. मग संशयाचा फायदा विद्यार्थ्याला मिळतो. अशा वेळी पाचाच्या मोजपट्टीतला तीन हा आकडा फार सोयीचा असतो. त्यामागे शंका लपवता येते.

बाँडींच्या फॉर्मवर पाच पायऱ्यांखेरीज आणखी एक खूण होती, हे काम पाहायला मिळालं नाही असं सांगणारी. एका शिक्षकाकडे वॉर्डभर पांगलेले विद्यार्थी असतात आणि एका वेळी एकाच खाटेशी उभं राहता येतं. त्यामुळे प्रामाणिकपणे भरलेल्या फॉर्मवर ही खूण वारंवार यायला हवी. ती दिसत नाही तिथे त्या जागेवरचा आकडा कुठून आला, याचं उत्तर थॉर्नडाइकच्या १९२० च्या लेखात आहे.