फॉर्म्युला वनची खर्चमर्यादा: आत काय, बाहेर काय

इंदूरजवळच्या पीथमपूरला इंजिनिअरिंगच्या पोरांची ‘बाहा’ स्पर्धा २००७ पासून अनेक वर्षं भरली. तिथे गाडी नुसती पळवून भागत नाही. ती कितीत बनवली याचा हिशेब मांडावा लागतो आणि त्यालाही गुण असतात. फॉर्म्युला वनला हे शहाणपण फार उशिरा सुचलं.

२००८च्या मंदीत होंडाने फॉर्म्युला वनमधून गाशा गुंडाळला. पुढच्या वर्षी बीएमडब्ल्यू आणि टोयोटाही गेल्या. एफआयए म्हणजे मोटरशर्यतींचे नियम ठरवणारी जागतिक संस्था; तिचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी २०१०साठी दर संघाला वर्षाला ४ कोटी पौंडांची खर्चमर्यादा सुचवली. ती पाळणाऱ्यांना तांत्रिक सवलती मिळणार होत्या. मोठे संघ भडकले, वेगळी मालिका काढू म्हणाले आणि प्रस्ताव बारगळला. त्या भरवशावर उतरलेले तीन नवे संघ मात्र तोंडघशी पडले. २०१७ उजाडेपर्यंत तिन्ही संपले. मधल्या काळात आपसातला काटकसरीचा करारही झाला होता, पण त्यावरूनच बिनसलं आणि २०११च्या अखेरीस फेरारी आणि रेड बुल संघांच्या संघटनेतून बाहेर पडले. राजीखुशीची काटकसर टिकते तरी कुठे!

सक्तीची मर्यादा २०१९मध्ये मंजूर झाली: २०२१पासून १७.५ कोटी डॉलर. कोविडने तिजोऱ्या रिकाम्या केल्यावर ती लागू होण्याआधीच १४.५ कोटींवर आली. पुढे १४ आणि मग १३.५. महागाई आणि जादा शर्यतींची भर वेगळी.

माझ्या मते खरी गंमत आकड्यात नाही, वगळलेल्या बाबींत आहे. ड्रायव्हरचं मानधन, सर्वाधिक पगाराच्या तिघा कर्मचाऱ्यांचा पगार, जाहिरात, प्रवास हे सगळं मर्यादेबाहेर. त्यामुळे भांडण इंजिनिअरांपेक्षा हिशेबनिसांचं झालं. २०२१मध्ये रेड बुलने मर्यादा सुमारे १८.६ लाख पौंडांनी ओलांडली. चुकांच्या यादीत कर्मचाऱ्यांच्या खानपानाचा खर्चही निघाला. तो त्यांनी पुरेसा धरलाच नव्हता. आमच्या रामबागेतल्या सीए काकांना हे सांगितलं तर म्हणाले, “अहो, कॅन्टीनच्या बिलावर तर आमच्याकडेही ऑडिटर अडतो!” दंड झाला ७० लाख डॉलरचा, शिवाय वाऱ्याच्या बोगद्यातल्या (विंड टनेल, जिथे गाडीवरून हवा कशी वाहते ते तपासतात) चाचण्यांत १० टक्के कपात. पैसेवाल्या संघाला दुसरी शिक्षाच जास्त झोंबते.

२०२६साठी मर्यादा २१.५ कोटी डॉलर आहे. लगाम सैल झाला असं वाटेल, पण त्यात महागाई धरली आहे आणि आधी बाहेर असलेल्या बऱ्याच बाबी आता आत घेतल्या आहेत.